दसऱ्याची किल्ली आणि डावं मागचं दार: लीझच्या एका डिलिव्हरीचं प्रकरण

हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत कर्मचाऱ्यांच्या लीझच्या गाड्यांचं काम माझ्याकडे आहे. ऑर्डर दिल्यापासून चार वर्षांनी गाडी परत जाईपर्यंतचे सगळे कागद माझ्या टेबलावरून जातात. "सर, डिलिव्हरीच्या दिवशी नेमकं काय होतं?" हा प्रश्न दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच. हल्ली मी त्यावर एक प्रकरण सांगतो. ते २०२४ च्या दसऱ्याचं आहे. ज्या सहकारिणीच्या बाबतीत घडलं तिला विचारूनच लिहितो आहे. नावं मात्र कुणाचीच देत नाही.

ती टेस्टिंगमध्ये वरच्या पदावर, राहायला वाकडला. घरात आधी एक सेकंडहँड हॅचबॅक होती. नवी कोरी गाडी पहिल्यांदाच येणार होती: दीड लिटर पेट्रोल इंजिनाची एसयूव्ही, रंग मोतिया पांढरा, एक्स-शोरूम किंमत १४ लाखांच्या आसपास, लीझ ४८ महिन्यांचं. ऑगस्टमध्ये ऑर्डर गेली. गणपती झाल्यावर तिचा निरोप आला, "सर, डिलिव्हरी दसऱ्यालाच हवी. सासूबाई साताऱ्याहून येणार आहेत." दसरा १२ ऑक्टोबरला, शनिवारी होता. साडेतीन मुहूर्तांपैकी हा पूर्ण मुहूर्त, त्यामुळे त्या दिवशी पुण्यात शोरूमच्या दारात पाय ठेवायला जागा नसते. मी तारीख लिहून घेतली आणि तिला म्हटलं, "तारीख मिळेल. पण गाडी त्याआधी नीट बघायची."

तिला वाटलं, मी सवयीने बोलतोय.

इथे लीझचं गणित थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गुंता त्यातून आला. कर्ज काढून गाडी घेतली तर मालक आपण असतो आणि बँकेचा बोजा आरसीवर चढतो. आमच्या योजनेत मालक लीझ कंपनी. करार आमची कंपनी आणि लीझ कंपनी यांच्यात होतो. भाडं कर्मचाऱ्याच्या पगारातून करपूर्व कापलं जातं. गाडीचा खर्च कंपनी उचलत असेल आणि वापर थोडा कामाचा, थोडा घरचा असेल, तर त्या वर्षीच्या आयकर नियमांप्रमाणे १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनासाठी महिन्याला १,८०० रुपये एवढीच रक्कम करपात्र धरली जात होती. ड्रायव्हर दिला असेल तर आणखी ९००. लोक लीझकडे वळतात ते यासाठी.

पण मालक कंपनी असण्याची किंमतही असते. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स होता. कंपनीच्या नावावर तोच २० टक्के. १४ लाखांवर १ लाख ६८ हजारांऐवजी २ लाख ८० हजार. हा फरक लीझ कंपनी स्वतःच्या खिशातून भरत नाही, तो भाड्यात मिसळतो. तिच्या नवऱ्याने शोरूमच्या कोटेशनशी ताळा केला तेव्हा १ लाख १२ हजारांचा घोळ दिसला आणि मला तासभर फोनवर समजावून सांगावं लागलं. १० लाखांवरच्या गाडीवर विक्रेता जो एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घेतो, तोही लीझ कंपनीच्या पॅनवर जमा होतो. तो आपल्या रिटर्नमध्ये शोधू नये.

आता ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. लीझच्या गाडीचा क्रम ठरलेला असतो. डीलरकडे गाडी आली की ती आपल्या ऑर्डरला लावतात, याला ॲलॉटमेंट म्हणतात. तेव्हा चासी नंबर कळतो. मग त्या चासी नंबरवर लीझ कंपनीच्या नावे बिल, मग पैसे, मग इन्शुरन्स, मग पासिंग म्हणजे आरटीओची नोंदणी, मग नंबर प्लेट, आणि सगळ्यात शेवटी डिलिव्हरी. आमची ॲलॉटमेंट शुक्रवारी, ४ तारखेला झाली. मंगळवारी लीझ कंपनीने पैसे सोडले, गुरुवारी पासिंग झालं. हल्ली पूर्ण बांधणीची नवी गाडी आरटीओत न्यावी लागत नाही, डीलर कागद ऑनलाइन चढवतो आणि नंबर पडतो. ही सोय मोठी आहे. पण पूर्वी पासिंगच्या निमित्ताने गाडी आणखी एका माणसाच्या नजरेखालून जायची, तेही आता होत नाही.

शुक्रवारी, ४ तारखेलाच मी तिला मेल केला होता: यार्डात जाऊन गाडी बघून या, चासी नंबर बिलाशी जुळवा, उजेडात बघा. त्या आठवड्यात तिच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं. सोमवार गेला, मंगळवार गेला. नवरा शुक्रवारी, ११ तारखेला संध्याकाळी सातला गेला. यार्ड गावाबाहेर, वर दोन हॅलोजन, गाडीवर धूळ आणि सीटवर प्लॅस्टिक. त्याने मोबाइलच्या टॉर्चने चासी नंबर बघितला, मीटरवरचे ३१ किलोमीटर बघितले, चारी टायर, स्टेपनी, काचा बघितल्या. त्याने जे बघितलं ते बरोबरच बघितलं. पण रंग टॉर्चच्या उजेडात कळत नाही. मोतिया पांढरा तर अजिबातच नाही.

आणि कळला असता तरी उशीर झाला होता. नंबर आदल्या दिवशी पडला होता.

दसऱ्याच्या सकाळी साडेनऊला ती, नवरा, मुलगी आणि सासूबाई शोरूमला पोहोचले. गाड्या ओळीने उभ्या, प्रत्येकीवर लाल कापड, प्रत्येकीपुढे एकेक कुटुंब. त्यांची गाडी अजून कापडाखालीच होती. सेल्समनने टॅब पुढे केला. "मॅडम, लीझ कंपनीचा डिलिव्हरी फॉर्म आहे, तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल तो सांगा. आज सिस्टिम स्लो आहे, आधी हे करून घेऊ, मग निवांत पूजा करा." तिने ओटीपी सांगितला. नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी. ही वेळ मला तोंडपाठ आहे, कारण पुढचे दहा दिवस प्रत्येक मेलमध्ये ती येत होती.

तो फॉर्म म्हणजे वाहन स्वीकृती पत्र. त्यात लिहिलेलं असतं की गाडी ऑर्डरप्रमाणे, सुस्थितीत, कुठल्याही दृश्य दोषाशिवाय मिळाली. शेरा लिहायला एक चौकोन असतो. तो मोकळा गेला. या पत्राच्या तारखेपासून भाडं सुरू होतं. तिच्या ऑक्टोबरच्या पगारातून १२ ते ३१ असे २० दिवसांचं भाडं कापलं गेलं. मालकी नसली तरी सही आपली असते आणि त्या सहीवर तीन कंपन्या विसंबतात, हे कुणीतरी त्या टॅबसमोर सांगायला हवं होतं. मी मेलमध्ये लिहिलं होतं, पण सहाव्या परिच्छेदात. ती चूक माझी.

मग कापड निघालं. पूजा झाली, हळद-कुंकू, नारळ, चाकांखाली लिंबं. झेंडूचा हार बॉनेटला बांधताना त्यांनी तार पत्र्याला लागू दिली नाही. हे मी मुद्दाम सांगितलं होतं, कारण परत जाणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या बॉनेटवर पहिला ओरखडा हाराच्या तारेचा असतो. साडेअकराला गाडी बाहेर अंगणात आणली. ऊन डोक्यावर होतं. मुलगी गाडीच्या डाव्या बाजूला उभी राहून म्हणाली, "आई, हे दार वेगळं का आहे?"

डावं मागचं दार किंचित पिवळसर होतं. जवळून बघितलं तर पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे, आणि दाराच्या आतल्या कडेला, रबराखाली, मास्किंग टेपची धार. दार पुन्हा रंगवलेलं होतं.

तिने मला फोन केला तेव्हा पावणेबारा वाजले होते. मी म्हटलं, "गाडी तिथेच ठेवा, किल्ल्या परत द्या, रिक्षाने घरी या." माझं मत आजही तेच आहे. पण मागून सासूबाईंचा आवाज ऐकू आला, "अगं, दसऱ्याच्या दिवशी पूजा केलेली गाडी सोडून रिकाम्या हाताने घरी जायचं?" दोन महिने वाट पाहिलेल्या घराला मी काय सांगणार होतो. गाडी घरी आली. मी फक्त एवढं म्हटलं की अंगणातून हलण्याआधी फोटो काढा: दार, शेजारचं पुढचं दार, मागचा पत्रा, तिन्ही एका चौकटीत, मग टेपची धार जवळून, मग मीटरचा आकडा. आणि अर्ध्या तासात मेल गेला पाहिजे. डीलरला, लीझ कंपनीला आणि मला, तिघांना एकाच मेलमध्ये. बारा वाजून दहा मिनिटांनी मेल गेला. मीटरवर ३१ किलोमीटरच होते.

हा मेल नसता तर पुढे सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

सोमवारी डीलरचं उत्तर आलं: स्वीकृती पत्रावर शेरा नाही, गाडी ग्राहकाच्या ताब्यात असताना काय झालं ते आम्ही सांगू शकत नाही. उत्तर सभ्य शब्दांत होतं, पण मला राग आला. रविवारी-सोमवारी कुणी दार रंगवून घेतं का? मंगळवारी आम्ही गाडी लीझ कंपनीच्या ठरलेल्या वर्कशॉपमध्ये नेली आणि रंगाची जाडी मोजून घेतली. इतर पत्र्यांवर शंभर ते सव्वाशे मायक्रॉन, त्या दारावर अडीचशेच्या वर. मोजणाऱ्या मेकॅनिकने दार ठोकून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, डेंट काढलाय. ट्रेलरवरून उतरवताना नाहीतर यार्डात लागलं असणार."

लीझ कंपनीची भूमिका इथे महत्त्वाची ठरली, आणि लीझमध्ये अडकलेल्या प्रत्येकाने हे ध्यानात घ्यावं. ती गाडी त्यांची मालमत्ता आहे. चार वर्षांनी ती विकून येणाऱ्या पैशांवर त्यांचं गणित बसलेलं असतं. नव्या गाडीचे पैसे देऊन दुरुस्त केलेली गाडी मिळाली, हे नुकसान आधी त्यांचं, मग आपलं. म्हणून डीलरशी भांडायला आपण एकटे जाऊ नये, मालकाला पुढे करावं. तिने पहिले दोन दिवस सेल्समनलाच फोन केले, त्यात काही निघालं नाही. लीझ कंपनीच्या मॅनेजरने एकदा फोन केला आणि डीलरचा सूर बदलला, कारण त्या डीलरला वर्षभर त्यांच्याकडून ऑर्डरी मिळतात.

गाडी बदलून मात्र मिळाली नाही. मी मागितली होती. पण पासिंग झालेली गाडी परत घ्यायची म्हणजे भरलेला रोड टॅक्स, पडलेला नंबर, चालू झालेला इन्शुरन्स, सगळं उलटं फिरवायचं. शिवाय डीलरकडे परत आलेली ती गाडी कागदोपत्री दुसऱ्या हाताची होते. त्याला तो कधीच सहजी तयार होत नाही. नंबर पडण्याआधी हाच दोष दिसला असता, तर त्याने दुसऱ्या चासी नंबरचं बिल केलं असतं आणि यार्डातली ती गाडी सवलतीत दुसऱ्या कुणाला विकली असती. त्याला ते दहा मिनिटांचं काम होतं. शुक्रवार ४ ते मंगळवार ८, हे पाच दिवस आमच्या हातात होते.

शेवटी तोडगा असा निघाला. डीलरने लेखी मान्य केलं की डिलिव्हरीपूर्वी त्या दाराची दुरुस्ती झाली होती. ते दार गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत बॉडीशॉपमध्ये पुन्हा नीट रंगवून दिलं आणि त्या कामाची वेगळी वॉरंटी लिहून दिली. आणि मी सगळ्यात जास्त जोर ज्यावर धरला होता ते झालं: लीझ कंपनीने गाडीच्या फाइलमध्ये नोंद केली की या दाराच्या रंगातला फरक मूळचा आहे, गाडी परत करताना त्याचे पैसे कर्मचाऱ्याकडून घेतले जाणार नाहीत. लीझ संपताना तपासनीस येतो आणि दिसेल तो ओरखडा, पोचा, भोक लिहून घेतो. वापराची साधारण झीज माफ असते, पुन्हा रंगवलेला पत्रा माफ नसतो. चार वर्षांनी "हे आधीपासून होतं" म्हणणाऱ्या माणसाकडे कागद नसेल तर त्याचं कुणी ऐकत नाही.

दाराच्या धावपळीत एक गोष्ट जवळजवळ निसटली होती, आणि ती मला दारापेक्षा गंभीर वाटते. इन्शुरन्स पॉलिसी. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो, सप्टेंबर २०१८ पासून. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग साधारणपणे एका वर्षाचा असतो. हे सगळं तिच्या पॉलिसीत होतं, झिरो डेपसकट, म्हणजे बदललेल्या भागांवर घसारा न कापण्याच्या सोयीसकट. नव्हतं ते मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण. डीलरकडून चूक झाली नव्हती. ते संरक्षण मालक व्यक्ती असेल आणि तीच गाडी चालवत असेल तरच मिळतं. इथे मालक कंपनी आहे, म्हणून रोज गाडी चालवणाऱ्या बाईला तिच्याच गाडीच्या पॉलिसीत कवच नाही. तिला वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी लागली. खर्च फार नाही, पण हे माहीत असलेला माणूस मला विरळाच भेटतो. जुन्या हॅचबॅकवर तिचा साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तीही या गाडीला लावता आली नाही, कारण ती विमाधारकाची असते आणि इथे विमाधारक लीझ कंपनी. ती हॅचबॅक विकल्यावर मी तिला बोनसचं प्रमाणपत्र घेऊन ठेवायला लावलं. ते तीन वर्षं चालतं.

बाकीचे प्रश्न लहान आहेत, तरी लोक त्यांवरच सगळ्यात जास्त घाबरतात. नंबर प्लेट पिवळी येते का? नाही. नेहमीची पांढरी, काळ्या अक्षरांची, कारण गाडी खाजगीच आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं भाड्याने स्वतः चालवायला दिलेल्या गाड्यांना असतात. प्लेट हाय सिक्युरिटीचीच हवी आणि ती डीलरनेच बसवून द्यायची. ती येईपर्यंत "कागदाची लावून घेऊन जा" म्हणणाऱ्याचं ऐकू नये. पीयूसी पहिलं वर्षभर लागत नाही. आरसीवर नाव आपलं नसतं, ती लीझ कंपनीच्या पत्त्यावर जाते, आणि आपल्या डिजिलॉकरमध्ये ओढता येत नाही. म्हणून आरसीची प्रत आणि "ही गाडी अमुक कर्मचाऱ्याच्या वापरात आहे" असं मालकाचं अधिकारपत्र डॅशबोर्डमध्ये ठेवायचं. कोल्हापूरहून निपाणीकडे उतरताना कुणी अडवलं तर तेच दाखवायचं. दंडाची ई-चलनंही मालकाच्या मोबाइलवर जातात आणि महिन्याभराने प्रक्रिया शुल्क लावून आपल्याकडे येतात. चासी नंबरचे शेवटचे चार आकडे जवळ असले की वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक साइटवर आपली आपण चलनं बघता येतात. डिलिव्हरीच्या दिवशी ते लिहून घ्यायला तिला मी सांगितलं होतं, आणि तेवढं तिने केलं.

फास्टॅगची मात्र गंमत झाली नाही, त्रासच झाला. नव्या गाडीला तो डीलरनेच लावून द्यायचा असतो, तसा दिलाही होता, पण जोडलेला मोबाइल नंबर शोरूमच्या माणसाचा होता. साताऱ्याला जाताना खेड-शिवापूरला शिल्लक संपली आणि निरोप त्या माणसाला गेला. नंबर बदलून घ्यायला दोन आठवडे गेले.

या प्रकरणानंतर आमच्या ऑर्डरच्या पत्रात मी एक वाक्य घातलं: ॲलॉटमेंट झाल्यावर आणि पासिंगच्या आधी गाडी दिवसा उजेडात, धुऊन, कर्मचाऱ्याला किंवा त्याच्या माणसाला दाखवावी आणि त्याने होकार कळवल्याशिवाय पासिंगचे कागद चढवू नयेत. एका डीलरने कुरकुर केली, बाकीच्यांनी मान्य केलं. लीझ कंपनीने तर ते वाक्य आनंदाने घेतलं. कर्मचाऱ्यांना मी आता लांब मेल पाठवत नाही. ॲलॉटमेंटच्या दिवशी फोन करतो आणि यार्डात जायला अर्धा दिवस रजा मागा असं सांगतो. ओटीपी गाडीभोवती फिरून झाल्यावरच सांगायचा, हे त्याच फोनवर दोनदा सांगतो.

२०२५ च्या पाडव्याला आमच्या आणखी एका सहकाऱ्याची डिलिव्हरी होती. पाडवा ३० मार्चला, रविवारी. तो आदल्या मंगळवारी सकाळी दहाला यार्डात गेला. गाडी ठीक होती, फक्त दुसरी किल्ली पाकिटात नव्हती. ती गुरुवारी आली, शुक्रवारी पासिंग झालं.

तिची गाडी ऑक्टोबर २०२८ मध्ये परत जाईल. डाव्या मागच्या दाराचा तो फोटो, दसऱ्याच्या बारा वाजून दहाचा मेल आणि डीलरचं पत्र मी तिच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवलं आहे. मी तेव्हा या टेबलावर असेन की नाही, सांगता येत नाही. म्हणून त्याची एक प्रत तिच्याही कपाटात आहे.